धुतलेल्या पट्ट्या

तळेघरहून पिंपळवंडीला मावशीकडे राहायला आले तेव्हा मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो आवाजांची सवय व्हायला. आमच्या डोंगरात पावसाचा आवाज सोडला तर दुसरा आवाज म्हणजे गुरांच्या गळ्यातलं लोढणं. इथे पहाटे कॅनॉलवरच्या मोटारी सुरू व्हायच्या, मग शेजारच्यांचं कडबा कापायचं मशीन, मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरची गाणी, आणि वारं तिकडून असलं की आळेफाट्याच्या ट्रकांचे भोंगेही ऐकू यायचे. खाणंही निराळं. घरी आम्ही भात आणि नाचणीवर वाढलेलो, इथे तिन्ही त्रिकाळ बाजरी. पहिले आठ दिवस माझ्या हातची भाकरी तव्यावर टाकताना तुटायची आणि मावशी म्हणायची, “राहू दे गं, तुकडंबी पोटातच जात्यात.” मावशीचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शेणानं सारवलेली जमीन, मागच्या खोलीत चूल आणि एक छोटी खिडकी. मावशी एकटी होती. दिवसा शेठच्या शेडवर कामाला जायची आणि कुणाची सुटका व्हायची असली की सुईण म्हणून बोलावणं यायचं. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातात पहिल्यांदा रडली होती. रस्त्यानं जाताना ती कुठल्याही पोराकडे बघून सांगायची, हा अमक्याचा, कान बघ की त्याचं.

शेड म्हणजे कांद्याच्या वावरांमधोमध उभा केलेला हिरव्या जाळीचा मांडव. त्यात मातीशिवायची झाडं. कुंडीत कोळसा, नारळाची सोडणं आणि विटांचे तुकडे, आणि त्यावर लोंबत्या मुळांची ऑर्किड. मला ती पहिल्या दिवशीच ओळखीची वाटली, कारण आमच्याकडे भीमाशंकरच्या रानात जांभळाच्या झाडावर सीतेची वेणी लागते, तिचीच ही बहीण-भावंडं. पण ही रानातली नव्हती. ही कुणीतरी मुद्दाम एकाचा पराग दुसऱ्याला लावून केलेली, संकराची झाडं. कांतीशेठनी ती कुठून कुठून आणली होती, काही कलकत्त्याकडून, काही केरळातून, काही तर परदेशातून बाटलीत आलेली. शेठचं घराणं मूळचं राजस्थानचं, जैन, पण तीन पिढ्या आळेफाट्याला दुकान, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच. मोठे शांत गृहस्थ. गोगलगायी झाडं खायच्या तर औषध मारू द्यायचे नाहीत. आम्ही सहाजणींनी त्या हातानं वेचायच्या, बादलीत घालायच्या आणि कॅनॉलपलीकडे नेऊन हलक्या हातानं सोडायच्या. हौसाबाई मुकादम म्हणायची, “सोडा बायांनो सोडा, पुन्हा संध्याकाळी याच येणार हायेत माघारी. आता तर मला त्यांची तोंडं पाठ झाल्यात.”

प्रत्येक कुंडीत एक पांढरी प्लास्टिकची पट्टी खोचलेली असायची आणि तिच्यावर शेठनी पेन्सिलीनं इंग्रजीत नाव लिहिलेलं. शाई उन्हात उडते, पेन्सिल राहते, म्हणून पेन्सिल. सहाजणींत अक्षर ओळखणारी मी एकटी, तेही चौथीपर्यंतचं, आणि इंग्रजी तर मला चित्रंच होती. पण “शिकलेली” म्हणून पट्ट्यांची देखरेख माझ्याकडे आली. पुष्कळ पट्ट्यांवर दोन शब्दांच्या मधे एक फुली असायची. शाळेत उत्तर चुकलं की गुरुजी अशीच फुली मारायचे, त्यामुळे वर्षभर मला वाटत होतं की शेठचं लिहिताना चुकतं आणि ते खोडतात. एकदा त्यांनी मला पट्टीकडे टक लावून बघताना पाहिलं आणि आपणहून सांगितलं, “ती चूक नाही, द्वारका. ते लग्न आहे. फुलीच्या डाव्या हाताला आई, जिच्यावर शेंग धरली ती. उजव्या हाताला बाप.” मी मान खाली घालून पळाले. पुरुषमाणसाशी तीन वाक्यं बोलायची म्हणजे माझी जीभ टाळूला चिकटायची. पण ते सांगणं माझ्या डोक्यात राहिलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी शेठ घरच्यांना घेऊन दिवाळीसाठी आपल्या मूळ गावी निघाले. जाण्यापूर्वी शेडमधे आले आणि म्हणाले, “या एकशे बेचाळीस कुंड्या जिवापाड सांभाळा. दिवाळीनंतरच्या पंचमीला पुण्याच्या मॅडम बघायला येणार आहेत. त्या यांचीच बाटलीत हजारो रोपं करून विकणार. नावाची झाडं आहेत म्हणूनच घेतायत. बाजारात सगळे मनाला येईल ते नाव लावून विकतात, आपल्याकडे खरं नाव आहे.” पट्ट्या धुऊ नका, असं सांगायचं त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

खंडेनवमीला आम्ही शेड धुवायला काढली. कात्र्या, कोयत्या, फवाऱ्याचे पंप घासले. बायकांनी कुंड्या खाली उतरवल्या, मांडण्या चुन्यानं धुतल्या. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी दसरा, घरोघरी पोरं पाटीवर सरस्वती काढून पूजा करणार. शेडमधे पाटी-पुस्तक कुठलं? तर या पट्ट्याच. त्यांच्यावर हिरवं शेवाळ चढलेलं, अशा कशा देवीपुढे ठेवायच्या? मी मांडणीप्रमाणे पट्ट्या काढल्या, त्यांच्या भोकांतून सुतळी ओवली, तीन मांडण्यांच्या तीन माळा केल्या आणि सोड्याच्या पाण्यात भिजत घातल्या. इथपर्यंत अक्कल शाबूत होती. पण सुतळीखालचं शेवाळ निघेना. म्हणून मी सुतळी सोडली. मीच सोडली, दुसऱ्या कुणी नाही. एकेक पट्टी नारळाच्या शेंडीनं अशी घासली की बगळ्याच्या पिसासारखी झाली. दसऱ्याला पाटावर सरस्वती काढली, भोवती पट्ट्यांची महिरप मांडली, झेंडू वाहिले. हौसाबाईसुद्धा म्हणाली, “पोरीनं झ्याक केलंय बरं का.” मी इतकी खूश झाले की प्रसादाचा गूळ घेतानाही मान वर करून हसले.

मग पट्ट्या परत खोचायला म्हणून उठले आणि उभीच राहिले. हातात एकशे बेचाळीस पट्ट्या. समोर एकशे बेचाळीस कुंड्या, त्याही धुतल्यावर जशा हाताला आल्या तशा मांडलेल्या.

“आता गं बाई,” मावशी म्हणाली.

हौसाबाईनं कपाळावर हात मारला, पण ती घटकाभरात सावरली. “हात्तिच्या, त्यात काय. घाला कुठंबी. झाडाला काय वाचाया येतंय?”

“शेठला येतंय की,” मावशी म्हणाली.

“शेठला फूल दिसंल, पट्टी दिसंल. दोन्ही हायेत म्हणल्यावर कोण जुळवाया बसतंय? ऐका, हे बाहेर फुटलं तर पयली ही पोर जाईल डोंगरात माघारी, मग हिची मावशी, आणि मग आपुन समद्या. शपथ घ्या आपापल्या लेकरांची.” बायकांनी घेतली. मला लेकरू नव्हतं, त्यामुळे मला शपथ सुटली. पण डोंगरात माघारी जाणं म्हणजे काय ते मला चांगलं कळत होतं. तळेघरला दादानं माझ्यासाठी दोन लेकरांचा बाप असलेलं स्थळ बघून ठेवलं होतं आणि मी शेडवर कमावते म्हणूनच ते अडलं होतं. त्याहून मला एक दुसरंच खुपत होतं. शेठ त्या मॅडमना शब्द देणार, ही खरी नावं आहेत. आणि माझ्या हातानं खोचलेलं एक खोटं नाव हजार कुंड्यांवर जाणार. पंचमीला पंचवीस दिवस होते. मी हौसाबाईला म्हणाले, तेही मावशीच्या कानात, मावशीनं मोठ्यानं सांगितलं, “ती म्हणती, जुळवू.”

त्या दिवसांची आठवण आली की अजून मला हसू येतं. चोरी झाली होती माझ्याच हातून आणि माग काढायलाही मीच.

रोज काम सुटलं की मी पट्ट्या ओच्यात घालून घरी आणायची आणि पुढच्या खोलीतल्या सारवलेल्या जमिनीवर मांडायची. वाचता येत नव्हतं, पण चित्रं जुळवता येत होती. साप, चंद्रकोर, शिडीची एक पायरी, उलटा डोंगर. पहिल्या संध्याकाळीच लक्षात आलं की बहुतेक पट्ट्यांवर सुरुवातीला तीच तीन अक्षरं आणि पुढे टिंब. थोड्यांवर मात्र वेगळी. आडनाव! मी ओरडलेच. मावशी चुलीपुढून फुंकणी घेऊन धावत आली, तिला वाटलं विंचू. शेडमधे उसासारख्या कांड्यांची झाडं पुष्कळ होती आणि जाडजूड, कंदासारख्या बुडक्यांची, मोठ्या फुलांची एकवीस. मी वेगळ्या आडनावाच्या पट्ट्या मोजल्या. एकवीस! दुसऱ्या दिवशी ती दोन घरं वेगळी केली. मग पुढची गाठ. काही पट्ट्यांवर नावाच्या दोन्ही बाजूंना बारीक फराटे होते. चौथीत आम्हाला अवतरणचिन्हं शिकवली होती, कुणी बोललं की घालायची. पण इथे बोलतंय कोण? दोन दिवस ते कोडं सुटेना. मग दिसलं की असे फराटे असलेलं एक नाव बारा पट्ट्यांवर आहे, एक सात, एक पाच. आणि शेडमधे एका जांभळ्या फुलाची बारा झाडं, इतकी एकसारखी की एकीला झाकून दुसरी दाखवावी. तिला आम्ही नवरी म्हणायचो. ती जुळी-तिळी नव्हती. ती एकच बाई बारा ठिकाणी बसलेली. एकाच झाडाचे तुकडे करून वाढवलेली, म्हणून त्या एकाच झाडाचं नाव फराट्यांच्या आत, कडीकुलपात. फराटे नसलेली नावं मात्र बियांपासूनच्या भावंडांची, नाव एक आणि तोंडं निराळी. हे मला कुणी शिकवलं नाही. मी कॅनॉलच्या कडेनं शेडकडे जवळजवळ पळतच गेले. बारा, सात, पाच अशी झाडं मोजली, पट्ट्या खोचल्या, आणि हौसाबाई म्हणाली, “कार्टी हुशार हाये, पण तोंडातून शबूद काढील तर शपथ.”

अक्षरांनी मला सोयरीकही दाखवली. जे नाव एका पट्टीवर एकटं होतं तेच दुसऱ्या सहा पट्ट्यांवर फुलीच्या डाव्या हाताला. म्हणजे ती सहाजणींची आई, आणि आई शेडमधेच बसलेली. मी जमिनीवर पट्ट्यांची वंशावळ मांडली. मधे आया, बाजूला बाप, खाली पोरं. मावशी भाकरी थापता थापता बघायची आणि एकदा म्हणाली, “अगं मंग हे माझंच काम की. आईबाप ठावं असल्यावर पोर कुनावर गेलंय एवढंच बघायचं.”

बारशाला बायका पाळण्याभोवती कशा बसतात ते ज्यानं पाहिलंय त्याला ही गोष्ट नव्यानं सांगायला नको. नाक आजीचं, टाळू मामाची, रंग आत्याकडचा, आणि शेवटी एखादी पायाची बोटं धरून निकाल देते. आमच्या शेडमधे त्या आश्विनात तेच सुरू झालं. पाऊस सरून ऊन पडलं होतं आणि रोज कुठल्या ना कुठल्या कांडीवर कळ्या उमलत होत्या. मी पट्टी हातात धरून सांगायची, हिची आई अमकी, बाप तमका, आणि सहाही जणी आधी आईपुढे जायच्या, मग बापापुढे. मावशीनं शिस्त घालून दिली. “रंगावर जाऊ नगा. रंग फसवा असतोय, जन्मल्या जन्मल्या समदी गोरीच. हाडापेरावर जा.” मग कांड्यांची पेरं बघायची, पान कुठून निघतं ते बघायचं, फूल उलटं करून मागची बाजू, जीभ म्हणजे पुढे लोंबणारी पाकळी, तिचा आकार, तिच्यावरच्या रेघा, नाकाचा शेंडा. शिंगासारख्या पीळदार पाकळ्यांच्या बापाची पोरं लगेच सापडली, पाकळीला अर्धा पीळ यायचाच. एका पांढऱ्या फुलाच्या आईच्या कांडीवर बारीक काळी लव होती. मावशीनं भिंग नसताना नखानं ती लव पाच कुंड्यांवर शोधून काढली. “ही बघा, मिशा आल्यात आईच्या,” ती म्हणाली, आणि हौसाबाई हसून हसून सोडणाच्या ढिगावर बसली. बायकांनी ठेवलेली नावंही कामाला आली. ज्या झाडाला हौसाबाई “मामंजी” म्हणायची, कारण ते सारखं वाकून दारात बघायचं, ते पूर्वी कुठल्या मांडणीवर होतं आणि त्याच्या शेजारी कोण होतं हे तिला तोंडपाठ. दिवाळीच्या आधी आठ दिवस आमची शंभरावी पट्टी लागली. त्या दिवशी मावशीनं मासवडी केली. खोबरं-तिळाचं सारण, वर झणझणीत रस्सा. दिवाळी चार पावलांवर असताना मासवडी कोण करतं? पण आम्हाला दम निघत नव्हता.

परवा माझ्या भाचीच्या मुलीनं मोबाईल दाखवला. फुलाचा फोटो काढला की तो नाव सांगतो म्हणे. आमच्या दारातल्या ऑर्किडचा तिनं सकाळी फोटो काढला तर एक नाव आलं, दुपारी दुसरं, फूल जरा वळवलं तर तिसरं. तिला गंमत वाटली. मला त्या बिचाऱ्या मोबाईलची दया आली, कारण त्याची फसगत कुठे होते ते मला ठाऊक आहे. आमचीही तिथेच झाली होती.

एक कुंडी मावशीनं छातीठोकपणे मिशीवाल्या पांढरीची लेक ठरवली होती. लव होती, पेरं तशीच, पान तसंच. पट्टी खोचली. चार दिवसांनी फूल उमललं ते पिवळंधमक, जीभ गोल, आईबाप दोघांचाही त्यात मागमूस नाही. सगळ्या हसल्या. हौसाबाई म्हणाली, “यमुने, सुईणबाय, कुनाचं लेकरू कुनाच्या वट्यात घातलंस?” मावशी हसली नाही. बराच वेळ त्या फुलाकडे बघत बसली आणि घरी जाताना मला म्हणाली, “द्वारके, खालच्या आळीतला सोनाराचा पोरगा आन् बेल्ह्याच्या शिक्षकाचा पोरगा, शेजारी उभं केलं तर आई भुलंल. नातं काडीचं न्हाई. दिसतंय म्हनून असतंयच असं न्हाई गं.” तेव्हापासून मी एक गोष्ट गुपचूप केली. ज्या पट्टीबद्दल मोजून, अक्षर जुळवून आणि हाडापेरानं अशी तिन्ही बाजूंनी खात्री होती ती कुंडीत सरळ खोचली. नुसती दिसण्यावरून लावलेली तिरपी. नारायणगाव रस्त्याच्या रोपवाटिकांमधे मी आताही कधी जाते. निळी रंगवलेली फुलं, राजकन्यांची नावं, एकाच जांभळीला तीन दुकानांत तीन नावं. मी काही बोलत नाही, नुसतं फूल उलटं करून बघते आणि ठेवून देते.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, तरी आधीच्या तिरप्या धरून सव्वीस कुंड्यांची खात्री काही केल्या होईना. काहींना फूलच नव्हतं. काही सरळसरळ शेठ जिला सोनिया म्हणायचे त्या जांभळीसारख्या, आणि सोनियाच्या रक्ताच्या चार वेगवेगळ्या पट्ट्या. पंचमीच्या आदल्या दिवशी हौसाबाईनं माझ्या हातातून पट्ट्या घेतल्या. “आता लई झालं पोरी. उद्या मानूस दारात यील.” तिनं त्या रंग बघून खोचून टाकल्या. मी मागून जाऊन त्याही तिरप्या केल्या, सगळ्या मिळून सव्वीस. त्याहून जास्त काही करायची माझी छाती नव्हती.

पंचमीला सकाळी दहाच्या सुमारास शेठ मॅडमना घेऊन आले. कपाळाला केशराचा टिळा होता. मॅडम सुती साडीतल्या, केस पांढरे, हातात याद्यांची फाईल. त्यांनी पहिली कुंडी उचलली, आणि मला आजही आठवतं, त्यांनी फूल पहिल्यांदा उलटं केलं. आमच्यासारखंच! यादी बघितली, मान हलवली. दुसरी, तिसरी. मी हौसाबाईच्या पाठीमागे उभी राहून मोजत होते. चाळीस कुंड्या सुरळीत गेल्या. मग त्यांच्या हाताला तिरपी पट्टी लागली.

“ही नक्की का, कांतीभाई? मला जरा शंका येतेय.”

“नक्की म्हणजे? माझ्या हातची पट्टी आहे,” शेठ म्हणाले. “एक वेळ माझं नाव चुकेल, हे नाही चुकणार.”

ते इतक्या विश्वासानं म्हणाले की माझ्याच्यानं राहवलं नाही. “न्हाई शेठ,” मी म्हणाले. आवाज माझाच होता का, कुणास ठाऊक. सगळ्यांनी मागे बघितलं. हौसाबाईनं माझा दंड धरला, पण आता तोंड उघडलं होतं. “ती अंदाजानं लावलीया. नवमीला मी समद्या पट्ट्या काढून धुतल्या व्हत्या. मिसळल्या.”

“धुतल्या?”

“पूजेला.”

शेठनी ती तिरपी पट्टी वाकून बघितली. मग म्हणाले, “आज सकाळी आमच्याकडेही ज्ञानपंचमीची वही-लेखणीची पूजा झाली. पण आम्ही वह्या धूत नाही, द्वारका.”

मॅडम हसल्या. शेठ हसले नाहीत. “अशा किती?”

मी बोलण्याऐवजी चालत सुटले. पहिल्या मांडणीपासून तिसरीपर्यंत तिरप्या पट्ट्या उपटत गेले. शेवटी सव्वीस पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. मला वाटलं, संपलं. तळेघरची दुपारची गाडी मिळेल.

“मग उरलेल्या एकशे सोळांवर मी भरवसा कसा ठेवू?” मॅडम म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. पण ते माझ्या मावशीला झोंबलं. तिनं पदर खोचला. “बाई, तुमी पट्ट्या काढा आन् लपवा. आमी लावतो माघारी.”

मॅडमनी खरंच काढल्या. आम्हाला पाठ करून उभं केलं, दहा कुंड्या मांडणीवर उलटसुलट केल्या आणि पट्ट्या माझ्या हातात दिल्या. पट्टीवरची चित्रं बघितली आणि माझी भीती कुठे गेली ते कळलं नाही. मी आईचं आमच्यातलं नाव सांगायची, बायका धावायच्या. “ही मिशीची!” “हिला अर्धा पीळ हाये, शिंगाळ्याची पोर!” हौसाबाईसुद्धा विसरली की ती माझ्यावर चिडलीय, “सरका गं, मामंजी हितं हायेत,” म्हणत तिनं स्वतः पट्टी खोचली. नऊ लागल्या. दहाव्या कुंडीपुढे मी थांबले. हातात पट्टी एकच उरली होती, जागाही एकच. पण त्या कुंडीकडे बघून माझं मन घेईना.

“लाव की,” मॅडम म्हणाल्या.

“हिची न्हाई ही,” मी म्हणाले. “ही त्या सव्वीसातली हाये. तुमी मधी घातली.”

मॅडमनी वाकून मांडणीखालून एक कुंडी काढली. खरी कुंडी त्यांनी तिथे लपवली होती. त्या शेठना म्हणाल्या, “एकशे सोळा मी घेते.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, फराट्यांचा अर्थ कुणी सांगितला, आणि मी कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी आपला चष्मा काढून पुसला.

“आणि या सव्वीस?” शेठनी विचारलं.

“नाव नसलेली झाडं मी नाही घेऊ शकत, कांतीभाई. दिसायला कितीही छान असू देत. फार तर एक घेईन, घरी ठेवायला.”

शेठनी सव्वीस पट्ट्यांवरची नावं आपल्या अंगठ्यानं घासून बघितली. पेन्सिल ती, जाते थोडीच. मग त्यांनी एका ट्रेमधून नव्या कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा काढला, खिशातली पेन्सिल काढली आणि दोन्ही माझ्यापुढे धरलं. “लिही.”

“काय?”

“जे तुम्हाला माहीत आहे ते. जे माहीत नाही तेही लिही.”

मी पाटावर बसले. पहिली कुंडी जांभळी, सोनियासारखी. मी मराठीत लिहिलं, आई सोनिया असावी, बाप माहीत नाही. हौसाबाईनं विचारलं काय लिहिलंस, मी वाचून दाखवलं, आणि ती पदर तोंडात घालून वाकली. “अगं भवाने, गावात कुनाच्या दारावर लिवू नगंस असलं!” मॅडम हसल्या, मावशी हसली, आणि शेठ, ज्यांना मी कधी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, तेही मान फिरवून हसले. मॅडमनी तीच कुंडी घरी न्यायला उचलली. मी पुढची घेतली. पांढरी, लव नाही, वास पहाटेचा. त्याच्या पुढची. पिवळी, मावशीनं पांढरीची लेक म्हटलेली, पण ती नव्हे. एकेका झाडापुढे बायका मला सांगत होत्या आणि मी लिहीत होते, पट्टी पुरली नाही तर पाठीमागे. सव्वीस लिहून झाल्या तेव्हा पेन्सिलीचं टोक पार बोथट झालं होतं, बोटं काळी झाली होती, आणि मला अजून लिहायचं होतं.